साचलेली चार हजार कार्डं आणि आठ आठवड्यांवर आलेली परीक्षा

वाचकाचं पत्र:

डॉक्टर मॅडम,

मी वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी नोट्स वाचून, ओळींखाली रेघा मारून कशीबशी पास झाले. या वर्षी एका सीनियरने अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप घ्यायला सांगितलं आणि स्वतः वापरलेला, हजारो कार्डांचा तयार डेकही, म्हणजे कार्डांचा संचही, पाठवून दिला. सुरुवातीला फार छान वाटलं. रोज साठ नवी कार्डं घ्यायचे. मग मध्येच आजारी पडले आणि दहा दिवस ॲप उघडलं नाही. उघडलं तर चार हजारांवर कार्डं उजळणीसाठी साचलेली. आता रोज तीन-चार तास त्यातच जातात आणि आकडा काही खाली येत नाही. ॲपचं चिन्ह दिसलं तरी छातीत धडधडतं. परवा तर पुस्तक उघडून बसले आणि नुसती रडले.

त्यात फार्माकॉलॉजीच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, फजिती झाली. सरांनी फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचा महत्त्वाचा दुष्परिणाम विचारला. ‘हायपोकॅलेमिया’ (रक्तातलं पोटॅशियम कमी होणं) असं मी झटकन सांगितलं. ‘का होतो?’ असं विचारल्यावर गप्प. कार्डावर तेवढंच होतं. माझी रूममेट म्हणते, ॲप काढून टाक आणि सरळ नोट्स वाच. परीक्षा आठ आठवड्यांवर आहे. सोडू की चालू ठेवू? कार्डं स्वतः बनवायची की तयार वापरायची? आम्ही तिघी मैत्रिणी मिळून बनवली तर चालतील का? आणि हे सकाळी करावं की रात्री?

एक थकलेली विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

ॲप सोडू नकोस. पण आज ज्या पद्धतीने वापरते आहेस, ती पद्धत मात्र आजच थांबव. चार हजारांचा आकडा आणि व्हायवातली फजिती ही तुला दोन वेगळी संकटं वाटत असतील, पण दोन्ही एकाच ठिकाणाहून आली आहेत. जे अजून समजून घेतलेलं नाही, ते तू कार्डांकडून शिकायला बघते आहेस. समजलेली गोष्ट विसरू न देणं हे फ्लॅशकार्डाचं काम आहे आणि ते काम ते फार उत्तम करतं. न समजलेली गोष्ट समजावून देणं त्याला जमत नाही. म्हणून तुझी कार्डं पटापट वाढली, त्यांतली पुष्कळशी पक्की बसलीच नाहीत आणि जी बसली ती शब्दाला शब्द जोडून बसली.

फ्युरोसेमाइडपासूनच सुरुवात करू, कारण सगळा मुद्दा त्या एका प्रश्नात आहे. तुझ्या कार्डाच्या एका बाजूला ‘फ्युरोसेमाइड, दुष्परिणाम?’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हायपोकॅलेमिया’ असं असणार. आता मूत्रपिंडात काय होतं ते बघ. हेन्लेच्या लूपच्या (तिथल्या नलिकेच्या वळशाच्या) जाड चढत्या भागात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र आत ओढून घेणारा एक वाहक असतो. फ्युरोसेमाइड तो अडवतं. त्यामुळे जे सोडियम तिथे परत शोषलं जायचं, ते नलिकेत तसंच राहून पुढे वाहत जातं. पुढच्या कलेक्टिंग डक्टमधल्या, म्हणजे नलिकेच्या शेवटच्या भागातल्या, पेशींसमोर सोडियमचा लोंढा येतो. त्या पेशी सोडियम आत घेतात, त्यामुळे नलिकेच्या आतल्या बाजूला ऋण भार वाढतो आणि पोटॅशियम बाहेर, म्हणजे लघवीत, ओढलं जातं. शिवाय शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि हीच क्रिया आणखी जोर धरते. झालं तुझं ‘का?’चं उत्तर.

आणि एवढं समजलं की पुढचं जवळजवळ फुकटात मिळतं. त्याच चढत्या भागात पोटॅशियम परत नलिकेत झिरपत असल्यामुळे तिथे धन भार तयार होतो आणि तो भार कॅल्शियम व मॅग्नेशियमला पेशींच्या फटींतून शरीरात ढकलतो. वाहक अडवला की हा भारही जातो, म्हणून फ्युरोसेमाइड दिल्यावर लघवीतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त जातं. थायझाइड गटाची औषधं त्याच्या पुढच्या भागात, दूरस्थ वळणदार नलिकेत काम करतात आणि कॅल्शियम उलट राखून ठेवतात. परीक्षक हा फरक आवर्जून विचारतात. ज्या मुलाने दोन स्वतंत्र कार्डं पाठ केली आहेत त्याची इथे अदलाबदल होते. ज्याला नलिका डोळ्यांसमोर दिसते त्याची सहसा होत नाही.

आता याची कार्डं कशी व्हायला हवीत? ‘फ्युरोसेमाइड नेमकं कुठे आणि काय अडवतं?’ हे एक. ‘त्याने पोटॅशियम का कमी होतं? कलेक्टिंग डक्टपासून सांग’ हे दुसरं. ‘कॅल्शियम: फ्युरोसेमाइड आणि थायझाइड, कोण घालवतं, कोण राखतं आणि का?’ हे तिसरं. प्रत्येक कार्डाचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. ही तीन कार्डं तुझ्या त्या एका कार्डापेक्षा जास्त वेळ घेतील असं वरवर वाटेल. पण समजून बनवलेलं कार्ड पुढे क्वचितच चुकतं आणि न चुकणारं कार्ड महिन्यांनी एकदा दिसतं. तुझा वेळ खातात ती पुन्हा पुन्हा चुकणारी कार्डं.

तुझ्या रूममेटचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण ‘सरळ नोट्स वाच’ हा सल्ला मात्र ऐकू नकोस. याबद्दल पुरेसं संशोधन झालेलं आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नोट्स वाचून ‘सगळं येतंय’ असं जे वाटतं, ते त्या पाच मिनिटांच्या परीक्षेचं वाटणं आहे.

त्याच दोघांनी २००८ मध्ये केलेला प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतल्या शब्दांच्या चाळीस जोड्या दिल्या. काही जण एकदा बरोबर आलेला शब्दही पुन्हा पुन्हा आठवून बघत राहिले. काहींनी एकदा बरोबर आलेला शब्द आठवण्याच्या सरावातून काढून टाकला. आठवड्याने पहिल्या प्रकारच्या मुलांना सुमारे ८० टक्के शब्द आले आणि दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. दुसऱ्यांतल्या काहींनी ते शब्द नंतरही वाचले होते, त्याने फरक पडला नाही. आणि आपल्याला किती येईल हा त्या मुलांचा अंदाज मात्र सगळ्या गटांत सारखाच होता, निम्म्याच्या आसपास. आपला अभ्यास कितपत पक्का झाला आहे हे आपल्याला आतून कळत नाही, हे यातून शिकण्यासारखं आहे. म्हणून न बघता आठवून पाहावं लागतं. ॲप ते तुझ्याकडून करून घेतं, एवढ्यासाठीच ते ठेवायचं.

दुसरी गोष्ट ते करतं ती वेळापत्रकाची. कोणतं कार्ड कधी दाखवायचं हे ठरवण्याची जुनी पद्धत पिओतर वोझ्न्याक या पोलिश संशोधकाने १९८७ च्या सुमारास संगणकासाठी तयार केली. अँकी बरीच वर्षं तिच्यावरच चाललं. २०२३ पासून त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धतही मिळते. तुझ्या डेकच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे का बघ, नसेल तर कर. तिथे ‘किती टक्के लक्षात राहायला हवं’ असा एक आकडा असतो. तो मुळात ९० टक्क्यांवर ठेवलेला असतो. याचा अर्थ नीट समजून घे: दहातलं एक कार्ड चुकणार, हे ॲपने आधीच धरलेलं आहे. तू शंभर कार्डं केलीस आणि दहा-बारा चुकली तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे. पुष्कळ हुशार मुलं घाबरून हा आकडा ९७ वर नेतात आणि मग रोजचं काम झपाट्याने वाढतं. त्यातून मिळणारे गुण मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. ९० वरच राहू दे.

आता साचलेल्या कार्डांचं बघू.

हे आजारपणाने झालं असं तू म्हणतेस. आजारपण हे निमित्त झालं. रोज साठ नवी कार्डं हेच मुळात झेपणारं नव्हतं. प्रत्येक नवं कार्ड पुढच्या दिवसांत अनेकदा परत येतं. रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण दहापट उजळणीला जागा ठेवावी, असा ढोबळ हिशेब आहे. साठ नवी म्हणजे सहाशेपर्यंत उजळणी. एका कार्डाला दहा सेकंद धरली तर शंभर मिनिटं झाली, तीही एकदाही न अडखळता. त्यावर नवी कार्डं शिकण्याचा वेळ वेगळा, लेक्चर वेगळी, वॉर्ड वेगळा. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट. तू आळशी आहेस म्हणून हे घडलं नाही. ज्या सीनियरने डेक दिला, त्याने कदाचित तो डेक वर्षभर पुरवून वापरला असेल आणि तुझ्याकडे तेवढा काळ नाही.

आज रात्री नवी कार्डं शून्यावर आण. उद्या नाही, आज. मग डेकमध्ये जाऊन या परीक्षेत नसलेल्या विषयांची सगळी कार्डं सस्पेंड कर. सस्पेंड केलेलं कार्ड पुसलं जात नाही. त्याचा इतिहास तसाच राहतो, फक्त ते समोर येत नाही. त्यानंतर ज्या प्रकरणाचं लेक्चर ऐकलेलं नाही किंवा पुस्तकातलं पान एकदाही नीट वाचलेलं नाही, त्याचीही कार्डं सस्पेंड कर. इथे मन घट्ट कर. सीनियर म्हणाला होता, महत्त्वाची आहेत, असं वाटून हात थांबेल. थांबवू नकोस. न वाचलेल्या प्रकरणाची कार्डं आत्ता तुझ्या काही कामाची नाहीत. माझा अंदाज आहे, एवढ्यानेच तुझा आकडा निम्म्याच्या खाली येईल.

उरलेल्या कार्डांसाठी रोजची वेळ ठरव, संख्या नाही. नव्वद मिनिटं. घड्याळ लाव आणि नव्वद मिनिटं झाली की कितीही उरली तरी ॲप बंद कर. उजळणीचा क्रम बदलायची सोय सेटिंगमध्ये आहे. जी कार्डं अजून आठवण्याची शक्यता जास्त आहे ती आधी येतील असा क्रम लाव, म्हणजे जे वाचवता येण्यासारखं आहे ते आधी हाती लागेल. अगदी जुनी, पार विसरलेली कार्डं मागे राहतील. ती आता उद्या बघितली काय किंवा दहा दिवसांनी बघितली काय, पहिल्यापासूनच शिकावी लागणार आहेत. आणि एक गोष्ट तुला दिलासा देईल: उशिरा येऊनही जे कार्ड तुला बरोबर आठवलं, त्याचा उशीर ॲप जमेस धरतं. इतके दिवस न बघता आठवलं म्हणजे चांगलं बसलं आहे असं मानून पुढची तारीख आणखी लांबची देतं. त्यामुळे दहा दिवसांचा खंड पूर्णपणे वाया गेलेला नाही. काही मुलं वैतागून सगळा डेक नव्याने सुरू करतात, तसं करू नकोस. तुझ्या काही महिन्यांच्या मेहनतीची नोंद त्यात आहे.

आकडा रोज बघत बसू नकोस. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हण, बघ.

बटणांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कार्डं साचण्यामागे ही चूक खूपदा असते आणि कुणी सांगत नाही. उत्तर आलं नाही तर ‘अगेन’ दाबायचं. पुष्कळ जण तिथे ‘हार्ड’ दाबतात. अगदीच आलं नाही असं नव्हतं, जिभेवर होतं, म्हणून मन वळवतात. पण ॲपच्या लेखी ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. ते पास झालेलं कार्ड आहे. न आलेल्या कार्डावर सतत ‘हार्ड’ दाबत गेलं की ॲपचा तुझ्या स्मरणशक्तीबद्दलचा सगळा अंदाज चुकतो आणि वेळापत्रक बिघडतं. बहुतेक वेळा दोनच बटणं पुरतात, ‘अगेन’ आणि ‘गुड’. आणि उत्तर उघडण्याआधी ते तोंडाने म्हण. हळू आवाजात चालेल, पण पूर्ण वाक्यात. मनातल्या मनात ‘हां, हे माहीत आहे’ म्हणून कार्ड उलटलं की तुला ओळखता येतं, सांगता येत नाही. व्हायवात सांगावं लागतं. रोज नव्वद मिनिटं मोठ्याने उत्तर देणाऱ्या मुलीची जीभ परीक्षकासमोर सहसा अडखळत नाही, हे मी व्हायवाच्या टेबलाच्या पलीकडे बसून बघितलेलं आहे.

एखादं कार्ड पुन्हा पुन्हा चुकत राहतं. आठ वेळा विसरलं की अँकी आपणहून त्यावर तशी खूण करतं आणि सेटिंग तसं असेल तर ते बाजूलाही काढतं. अशा कार्डाशी झगडू नकोस. त्यात एक तर प्रश्न वाईट लिहिलेला असतो, नाही तर तुझी समज अपुरी असते, नाही तर ते दुसऱ्या एखाद्या कार्डासारखं दिसत असल्यामुळे गल्लत होते. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, पण आणखी वीस वेळा तेच कार्ड बघणं हा एकाचाही उपाय नाही. वाईट प्रश्न कसा असतो ते सांगते. ‘नेफ्रोटिक सिंड्रोमची लक्षणं सांगा’ असं कार्ड तयार डेकमध्ये हमखास सापडतं. उत्तरात पाच मुद्दे. तुला तीन आले. आता कुठलं बटण दाबणार? याऐवजी ‘दिवसाला किती ग्रॅमच्या वर प्रथिनं लघवीतून गेली की नेफ्रोटिक म्हणायचं?’ (प्रौढांत ३.५), ‘सूज का येते?’, ‘रक्ताच्या गुठळ्यांचा धोका का वाढतो?’ (गुठळ्या रोखणारं अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन लघवीवाटे निघून जातं, म्हणून) अशी सुटी कार्डं कर. एका कार्डात एकच गोष्ट. बरोबर की चूक हे एका क्षणात ठरलं पाहिजे.

गल्लत होणाऱ्या जोड्यांसाठी फरक विचारणारंच कार्ड बनव. अॅनाटॉमीत तर चित्र झाकून विचारायची सोय वापर, ती अँकीत आता आतच मिळते. कवटीच्या तळाचं चित्र घे आणि एकेक छिद्र झाक. रोटंडममधून मॅक्सिलरी नर्व्ह, ओव्हलेमधून मँडिब्युलर, स्पायनोसममधून मिडल मेनिंजियल आर्टरी. हे शब्दांत पाठ करायला गेलं तर महिनाभर घोळ होतो. चित्रात छिद्रांची एकामागे एक जागा दिसते आणि काम सोपं होतं.

तू विचारलं आहेस, स्वतःची कार्डं की तयार. माझं मत असं आहे, की केवळ नावं, जागा, संख्या, जिवाणूंचे गुणधर्म, औषधांचे गट अशा गोष्टींसाठी तयार डेक बिनधास्त वापर. ती कार्डं स्वतः टाइप करत बसण्यात कितीतरी संध्याकाळी जातात आणि हाती विशेष काही लागत नाही. पण तयार डेक सगळा सस्पेंड करून ठेव. लेक्चर झालं, पुस्तकातलं पान वाचलं, आणि पान बंद करून स्वतःच्या शब्दांत ते दोन मिनिटं सांगता आलं, की मगच त्या भागाची कार्डं सुरू कर. स्वतःची कार्डं मात्र फक्त चुकांची बनव. सराव प्रश्नांत जिथे चुकलीस, वॉर्डमध्ये सरांनी विचारलं आणि आलं नाही, व्हायवात गप्प बसलीस, त्याच दिवशी त्याचं कार्ड झालं पाहिजे. दिवसाला पाच-सात होतील, जास्त नाही. तुझ्या सगळ्या डेकमधली सर्वांत मोलाची कार्डं हीच असणार, कारण ती तुझ्याच उणिवांवर नेमकी बोट ठेवतात. सीनियरच्या डेकला तुझ्या उणिवा कशा माहीत असणार?

आणि कार्डांच्या बाहेरही अभ्यास आहे, हे या आठ आठवड्यांत विसरू नकोस. कार्डाची एक खोड असते: काही दिवसांनी मेंदू प्रश्न न वाचताच उत्तर देतो. वाक्याची ठेवण, पहिला शब्द, चित्राचा रंग दिसला की उत्तर तयार. परीक्षेत तसा प्रश्न येत नाही. तिथे पाय सुजलेली, धाप लागणारी साठ वर्षांची बाई येते, तिला चालू असलेल्या औषधांची यादी येते, तिचा रक्ततपासणीचा अहवाल येतो आणि पोटॅशियम कमी का झालं हे तुला त्यातून काढावं लागतं. त्यासाठी सराव प्रश्नच सोडवावे लागतात. त्यामुळे नव्वद मिनिटं कार्डं झाली की दिवसाचा मोठा वेळ वाचन आणि प्रश्न यांना दे. पहिले पाच आठवडे एकेक विषय समजून घेणं, त्याची कार्डं हळूहळू खुली करणं आणि रोज थोडे प्रश्न. दिवसाला वीसच्या वर नवी कार्डं खुली करायची नाहीत, तीही साचलेली आटोक्यात आल्यावर. पुढचे दोन आठवडे मुख्यतः मिश्र प्रश्न, वेळ लावून. शेवटच्या आठवड्यात एकही नवं कार्ड नको. त्या आठवड्यात जे नवं घेशील त्याला पुरेशा उजळण्याच मिळणार नाहीत, आणि जुनं मात्र मागे पडेल.

मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच त्यांना सर्वांत उपयोगी वाटल्या. रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या रांगेत गेलं. यातली पहिली गोष्ट कार्डांनीही होते आणि सराव प्रश्नांनीही. रूममेटला हे जरूर सांग, पण भांडू नकोस.

छातीत धडधडतं, रडू येतं, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी पुढे जाऊ शकत नाही. काम आटोक्यात आल्यावर यातलं बरंचसं कमी होईल असं मला वाटतं. पण पंधरा दिवसांनीही तसंच वाटत असेल, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा तुझा विश्वास असलेल्या डॉक्टरकडे जा आणि घरीही सांग. आणि हे सगळं फार असह्य झालं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर पंधरा दिवस थांबूही नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी हाक मार. आपल्या क्षेत्रात सगळेच असं सोसतात, म्हणून सोसायचं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आठवड्यातला एक अर्धा दिवस पूर्ण सुट्टीचा ठेव. ॲपमध्ये त्या दिवशी काही कार्डं साचतील. साचू देत.

सकाळी की रात्री? सकाळी, पण कारण साधं आहे: सकाळी ते होऊन जातं. रात्री वॉर्डमधून दमून आल्यावर नव्वद मिनिटं निघत नाहीत आणि मग झोपेतून काढली जातात. दिवसभरात वाचलेलं मेंदूत पक्कं व्हायला झोप लागते. झोप कापून केलेली उजळणी म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. सलग नव्वद मिनिटं जमत नसतील तर पंचेचाळीस सकाळी आणि पंचेचाळीस दुपारी. बस, रांग, लेक्चरमधली सुट्टी अशा मोकळ्या मिनिटांत केलेली कार्डंही त्यातच धर. अंथरुणात मात्र फोन नको.

राहिला तुम्हा तिघींचा प्रश्न. मिळून कार्डं जरूर बनवा. विषय वाटून घ्या, पण एक नियम पाळा: एकीने लिहिलेलं कार्ड दुसरीने पुस्तक समोर उघडून तपासल्याशिवाय डेकमध्ये जाऊ द्यायचं नाही. चुकीचं कार्डही बरोबर कार्डाइतकंच पक्कं बसतं आणि ते पुसणं फार अवघड जातं. औषधाचा डोस, सामान्य मूल्यांच्या सीमा, डावं-उजवं या तीन ठिकाणी सर्वांत जास्त चुका सापडतात, तिथे दोनदा बघा. कार्डाच्या तळाशी पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहा, म्हणजे शंका आली की शोधत बसावं लागणार नाही. आणि आठवड्यातून एकदा तिघी समोरासमोर बसून एकमेकींना ती कार्डं तोंडी विचारा. उत्तर बरोबर आलं की विचारणारीने लगेच ‘का?’ विचारायचं. ज्या कार्डावर तिघीही अडल्या, ते बाजूला काढून दुसऱ्या दिवशी सरांकडे घेऊन जा.